चर्चच्या शाळेंतील करवत आणि कुंचला

मुलाला अक्षरओळख झाली, पाढे आले, चार श्लोक पाठ झाले, म्हणजे त्याच्या शिक्षणाची घडी नीट बसली, असें मानण्याची आपल्या सुशिक्षित घराण्यांतील रीति फार जुनी आहे. दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतों आणि पोथ्यापुस्तकांची पूजा करतों. परंतु करवत, रंधा, सुई व कुंचला हींही त्याच देवतेचीं साधनें आहेत, हें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. मुलगी चित्र चांगलें काढते हें आपण पाहुण्यांस कौतुकानें दाखवितों खरें, पण शालान्त परीक्षेचें वर्ष आलें कीं तिची रंगांची पेटी माळ्यावर जाते.

अशा घरांतलीं कांहीं मुलें आज आईबापांच्या नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडांत राहतात, आणि घराजवळची शाळा म्हणून पुष्कळदां चर्चची प्राथमिक शाळाच त्यांच्या वांट्याला येते. त्या शाळेंत कला व हस्तकौशल्य कसें शिकवितात, त्यांत धर्माचा भाग किती आणि विद्येचा किती, व त्यांतून आपण काय घ्यावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

धूळपाटीचा प्रवास

इंग्लंडांत सरकारी पैशानें चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकीं सुमारें एक चतुर्थांश शाळा चर्च ऑफ इंग्लंड या तेथील प्रस्थापित धर्मसंस्थेच्या आहेत. रोमन कॅथॉलिक पंथाच्या शाळा त्यांहून निराळ्या. या शाळांत फी पडत नाहीं. कित्येक खेड्यांत तर गांवची शाळा म्हणजे चर्चचीच शाळा.

या शाळांचें जाळें विणण्यास जोरानें आरंभ झाला तो १८११ सालीं. गरिबांच्या मुलांना चर्चच्या तत्त्वांप्रमाणें शिक्षण देण्यासाठीं त्या वर्षीं ‘नॅशनल सोसायटी’ नांवाची संस्था निघाली. तिनें जी अध्यापनपद्धति उचलली ती हिंदुस्थानांतून गेलेली होती, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. अँड्र्यू बेल नांवाचा एक पाद्री मद्रासेंत एग्मोर येथील मुलांच्या अनाथाश्रमाचा अधीक्षक होता. तेथल्या एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितांना त्यानें पाहिलीं. ती रीत त्यानें आपल्या आश्रमांत आणली व थोरल्या विद्यार्थ्यांनीं धाकट्यांस शिकवावें अशी व्यवस्था लावली. १७९७ सालीं त्यानें या प्रयोगावर पुस्तक छापलें आणि पुढें ‘मद्रास पद्धति’ या नांवानें ती इंग्लंडांतील चर्चच्या शाळाशाळांतून पसरली. आपल्या पंतोजींच्या धूळपाटीचीच ती बहीण. अक्षर डोळ्यांनीं ओळखण्याबरोबरच बोटानें अनुभवावें, हें शहाणपण आपल्या घरचें होतें.

मात्र वाळूंत फिरणाऱ्या त्या बोटाला पुढें फारशी मोकळीक मिळाली नाहीं. १८६२ सालच्या नियमांनीं शाळेचें सरकारी अनुदान वाचन, लेखन व गणित या तीन विषयांच्या परीक्षेवर बांधून टाकलें. मुलींना शिवण होतें, परंतु त्यांत कल्पकता कमी आणि कवाईत जास्त. चित्रकला आली तीही तक्त्यावरच्या रेषांची व आकृतींची नक्कल करण्यापुरतीच. गरिबांच्या मुलानें आज्ञेप्रमाणें सरळ रेष ओढावी. त्याला स्वतःचें कांहीं सुचावें, अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

ही दृष्टि पालटविण्याचें श्रेय दोघां शिक्षकांकडे विशेष जातें. पहिले व्हिएन्ना येथील फ्रान्झ चिझेक. त्यांनीं १८९७ सालीं मुलांसाठीं कलेचा स्वतंत्र वर्ग काढला. मुलाचें चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची फसलेली नक्कल नसून त्याला स्वतःचें असें व्याकरण आहे, या समजुतीवर तो वर्ग चालला. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामाचें प्रदर्शन १९२० सालीं लंडनमध्यें भरलें, तेव्हां इंग्लंडांतील शिक्षकवर्गांत मोठी खळबळ उडाली. दुसऱ्या मॅरियन रिचर्डसन. डडली या कारखान्यांच्या गांवांतील मुलींच्या शाळेंत शिकवितांना त्या विद्यार्थिनींना डोळे मिटावयास लावीत, एखाद्या देखाव्याचें वर्णन करीत, आणि मनश्चक्षूंपुढें जें उभें राहील तें रंगवावयास सांगत. १९३० सालीं त्या लंडनच्या शाळांच्या कलानिरीक्षक झाल्या आणि १९४६ सालीं निवर्तल्या. त्यांचें ‘आर्ट अँड द चाइल्ड’ हें पुस्तक त्यांच्या पश्चात् १९४८ सालीं प्रसिद्ध झालें.

चार पायऱ्या

१९८८ सालच्या कायद्यानें इंग्लंडांत राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. कलेचा विषय त्यांत होताच. पण १९९० सालीं ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ नांवाचा आणखी एक विषय वयाच्या ५ व्या वर्षापासून सक्तीचा झाला. आपण त्याला ‘रचना-तंत्र’ म्हणूं. हल्लींचा अभ्यासक्रम २०१३ सालीं प्रसिद्ध होऊन २०१४ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. चर्चच्या शाळाही सर्वसाधारणपणें त्यालाच धरून चालतात.

दोन्ही विषयांत हात रंगतात, दोहोंत कात्री लागते. म्हणून पाहणारास ते एकच वाटतात. परंतु त्यांचा प्रश्न निराळा आहे. कलेचा प्रश्न असा कीं, तुला काय दिसलें, काय वाटलें, आणि तें तूं रेषा, रंग, पोत व आकार यांनीं कसें सांगशील? रचना-तंत्राचा प्रश्न असा कीं, ही वस्तु कोणासाठीं, कोणत्या कामासाठीं, आणि ती तें काम करते काय? म्हणूनच ७ ते ११ वर्षांच्या मुलांच्या हातीं कलेसाठीं रेखाटनवही असते. तींत निरीक्षणें टिपावयाचीं, पुन्हां पाहावयाचीं व सुधारावयाचीं असतात. रचना-तंत्राच्या मात्र चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: योजना करणें, वस्तु बनविणें, तिचें परीक्षण करणें, आणि तिच्यामागचें तांत्रिक ज्ञान मिळविणें. यांच्या जोडीला स्वयंपाक व पोषण यांचाही पाठ असतो. मुलगा असो वा मुलगी, कांदा चिरण्यास दोघांनींही शिकलें पाहिजे.

उदाहरणार्थ, आठ वर्षांच्या मुलांना कापडी बटवा शिवावयाचा आहे. आपल्याकडे शिक्षक कापड देतील, टाका दाखवितील, आणि सगळ्यांचे बटवे एकसारखे होतील. तेथें आरंभ प्रश्नापासून होतो. बटवा कोणाला द्यावयाचा? आजीला दिला तर तिला बंद सहज उघडला पाहिजे. लहान भावाला दिला तर नाणीं सांडतां कामा नयेत. मग बाजारांतले दोनचार बटवे उसवून पाहावयाचे: शिवण आंतून कां, कडेला जास्त कापड कां सोडलें? पुढें कागदाचा नमुना कापून त्यावरून कापड बेतावयाचें. धांवदोऱ्याची शिवण ओढून पाहिली तर सुटते, उलट टिपेची टिकते, हें मुलें स्वतःच्या बोटांनीं शिकतात. शेवटीं ज्याच्यासाठीं बटवा केला त्याच्या हातीं तो द्यावयाचा, आणि त्याला तो उघडतां आला कीं नाहीं, हें प्रामाणिकपणें लिहावयाचें. गुण मिळतात ते या लिहिण्यासही. बटवा बिघडला असला तरी कोठें बिघडला हें ज्याला सांगतां आलें, तो मुलगा कांहीं तरी शिकला.

नोहाचें तारू आणि तिरपी चकती

चर्चच्या शाळेंत धर्मकथा या पाठांत कशी मिसळते, तें आतां पाहूं. महापुरांतून प्राण्यांच्या जोड्या वांचविणाऱ्या नोहाच्या तारवाची गोष्ट तेथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आपल्या मनूच्या व मत्स्यावताराच्या कथेची ती सख्खी शेजारीण. धाकटीं मुलें पुठ्ठा, मेणकापड, मातीचे गोळे वापरून तारवें करतात आणि पाण्याच्या परातींत सोडून पाहतात. जड गोळा बुडतो, पण त्याच मातीची वाटी केली तर ती तरंगते! गोष्ट ऐकून जो प्रश्न मनांत कधीं आला नसता, तो परातीपाशीं येतो.

दहा वर्षांचीं मुलें याच कथेवर हलतें खेळणें करतात. बारीक चौकोनी लांकडाच्या पट्ट्या करवतीनें कापून चौकट जोडतात. नुसती चौकट दाबली कीं तिरपी होते; कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे त्रिकोण चिकटविले कीं ताठ उभी राहते. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या म्हणजे त्याचा आकार बदलत नाहीं, हा भूमितीचा सिद्धान्त येथें पाठ करावा लागत नाहीं. मग चौकटीतून एक दांडी आरपार घालून तिच्यावर चकती बसवितात, पण मध्यबिंदु सोडून. दांडी फिरविली कीं चकतीवर टेकलेली उभी काडी वरखालीं होते आणि तिच्या टोंकावरचें तारू लाटांवर डोलूं लागतें. चकती गोगलगाईच्या शंखासारखी कापली तर तारू हळूहळू चढतें व एकदम खालीं पडतें. आणि मग दांडी एकाच दिशेनें फिरते, उलट फिरविली तर अडकते. हें कां होतें, याचा शोध घेतांना वर्गांत जी चर्चा चालते ती ऐकण्यासारखी असते. यंत्रशास्त्राचा पाया या वयांत असा घातला जातो.

धर्म कोठें येतो?

येथें आपल्या वाचकांच्या मनांतील खरी शंका पुढें येते. हें सारें ठीक. पण आमच्या मुलानें चर्चच्या शाळेंत क्रूस कां करावा? येशूच्या जन्माचा देखावा कां रंगवावा?

ख्रिस्ती शिक्षकाच्या दृष्टीनें हस्तकौशल्य हा धर्मबाह्य विषय नव्हेच. ईश्वरानें मनुष्याला आपल्या प्रतिमेप्रमाणें घडविलें, तो स्वतः निर्माता आहे, तेव्हां निर्मिति करणें हा मनुष्याचा स्वभावधर्म होय, अशी त्यांची श्रद्धा आहे. बायबलांतील निर्गमाच्या पुस्तकांत बसालेल नांवाच्या कारागिराची हकीगत आहे. सोनें, रुपें, रत्नें व लांकूड यांवर काम करण्याचें कौशल्य त्याला ईश्वरी आत्म्यानें दिलें, असें तेथें सांगितलें आहे. खुद्द येशूही सुताराच्या घरीं वाढला. चर्च ऑफ इंग्लंडनें २०१६ सालीं आपलें शिक्षणविषयक धोरण मांडलें, त्यांत ज्ञानविवेक, आशा, समाजबंधुत्व आणि मानवी प्रतिष्ठा हे चार आधार धरले आहेत. जें मूल वाचनांत मागें असेल त्याला करवतीपाशीं मान मिळावा, हा या प्रतिष्ठेचाच एक अर्थ.

कायद्याची स्थिति मात्र नीट समजून घेतली पाहिजे. शाळेंतील प्रार्थनेंतून व धर्मशिक्षणाच्या तासांतून आपल्या मुलास वगळून घेण्याचा अधिकार पालकांना आहे. १८७० सालच्या कायद्यापासून अशी मुभा चालत आली आणि १९४४ सालच्या कायद्यानें ती कायम ठेवली. परंतु कला व रचना-तंत्र हे राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे विषय असल्यामुळें त्यांतून मूल काढून घेतां येत नाहीं. म्हणजे धर्माची सीमारेषा जेथें सर्वांत पुसट, नेमका तोच तास सर्वांना सारखा! म्हणून शिक्षकाचा विवेक येथें कसोटीला लागतो. रंगीत कांचांच्या खिडकीचा अभ्यास करणें निराळें आणि त्या खिडकींतील संताला नमस्कार करणें निराळें. १९४० सालच्या बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलशेजारीं १९६२ सालीं नवें मंदिर पुरें झालें. तेथील जॉन पायपरची विशाल कांचखिडकी पाहून मुलांनीं काळ्या कागदांत रंगीत पातळ कागद बसवून स्वतःची खिडकी केली, तर त्यांत प्रकाश व रंग यांचें शिक्षण आहे. कोणाच्या श्रद्धेवर आक्रमण नाहीं.

पणती आणि संत्रें

या शाळांतील धर्मशिक्षणांत हिंदुधर्माचाही परिचय असूं शकतो, आणि दिवाळीच्या सुमारास मुलें मातीची पणती करतात. पण येथें एक दोष नेहमीं दिसतो. आपोआप वाळणाऱ्या मातीचा गोळा चेपावयाचा, त्यावर चमकी लावावयाची, आणि दिवाळी शिकविली असें म्हणावयाचें! यांत ना कला, ना रचना, ना धर्म. पणतीला चोंच कां असते? वात तेलांतून वर येऊन टेकावी म्हणून. तिला भट्टींत कां भाजतात? कच्च्या मातींत तेल मुरतें म्हणून. हे दोन प्रश्न विचारले असते, तर हजारों वर्षांच्या कुंभारांचा विचार त्या गोळ्यांतून बोलला असता.

त्यांच्या स्वतःच्या सणाचीही तीच गत होते. नाताळाच्या सुमारास मुलें ‘क्रिस्टिंगल’ करतात. हें संत्रें म्हणजे जग. त्याच्या भोंवतीं तांबडी फीत, वर मेणबत्ती, आणि सुकामेवा टोंचलेल्या चार काड्या म्हणजे चार ऋतु व पृथ्वीचीं फळें. ही प्रथा जर्मनींतील मोरेव्हियन पंथांत १७४७ सालीं सुरू झाली आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्यें १९६८ सालीं आली. संत्रें गडगडूं नये म्हणून काय करावें, मेण हातावर ओघळूं नये म्हणून चंदेरी कागद कसा लावावा, हें मुलांना सुचूं दिलें तर तो रचना-तंत्राचा उत्तम पाठ होतो. शिक्षिकेनें सारें कापून तयार ठेवलें आणि मुलांनीं तें नुसतें खोंचलें, तर तो केवळ सणाचा सोपस्कार. वस्तूचा आकार आणि तिचा अर्थ हे जेथें एकमेकांत गुंतलेले असतात, तेथें दोन्ही उलगडून दाखविणें, यांतच धार्मिक शाळेंतील कलाशिक्षणाचें विशेष सामर्थ्य आहे. तीस मुलांचीं तीस एकसारखीं नाताळकार्डें भिंतीवर लागलीं म्हणजे तें सामर्थ्य फुकट गेलें, असें समजावें.

या शाळांपुढें दुसरीही अडचण आहे. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षीं इंग्रजी व गणित यांच्या राष्ट्रीय परीक्षा असतात. त्यांच्या दडपणाखालीं कलेचा तास आक्रसतो. बहुतेक ठिकाणीं एकच वर्गशिक्षिका सर्व विषय शिकविते, आणि तिला स्वतःला करवत धरण्याची संवय असतेच असें नाहीं. पुष्कळ शाळांत कला व रचना-तंत्र हे आळीपाळीनें येतात, म्हणून एकांतलें कौशल्य शिळें होईपर्यंत दुसरें चालू राहतें. तात्पर्य, परीक्षेनें हाताला हद्दपार करावयाचें, ही १८६२ ची गोष्ट अजून संपलेली नाहीं. आपल्याला तर ती अगदींच ओळखीची आहे.

आपण काय घ्यावें?

कोणी म्हणतील, हें परकीयांचें कौतुक पुरे. परंतु हा विचार आपल्या भूमीला परका नाहीं. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें सर्व शिक्षण द्यावें असा आग्रह धरला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आखली. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र काढलें व परिसरांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर मुलांचें शिक्षण उभें केलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना कारागिरांच्या हाताखालीं काम शिकावें, अशी शिफारस आहे. योजनांचा आपल्याकडे तुटवडा नाहीं. तुटवडा आहे तो प्रतिष्ठेचा.

गोरोबा कुंभार, सांवता माळी, नरहरि सोनार यांचे अभंग आपण देवघरांत बसून म्हणतों. त्यांचें चाक, खुरपें आणि हातोडी मात्र आपण ओसरीच्या बाहेरच ठेवलीं. चित्रकलेच्या वहींत दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोंपडी व एक माड एवढें काढलें कीं आपल्या मुलाची कल्पना पुरी होते. कारण त्याला याहून निराळें पाहावयास कोणी सांगितलेलेंच नसतें. ज्या हातानें कधीं कांहीं घडविलें नाहीं, तो हात दुसऱ्याच्या घडविण्याची किंमत ओळखीत नाहीं. आणि मग सुताराशीं, शिंप्याशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करणें हाच आपला त्या विद्यांशीं एकमेव संबंध उरतो. ही उणीव गुणपत्रिकेवर दिसत नाहीं, पण ती स्वभावांत उतरते.

एकत्र कुटुंबाला तर याबाबतींत मोठी अनुकूलता आहे. आजी गोधडी शिवते, काका घरची मोडलेली खुर्ची जोडतात, आई गौरींची आरास मांडते. या प्रत्येक कामांत मुलाला नुसतें ‘हें आण, तें दे’ असें न म्हणतां ‘हें असें कां केलें असेल?’ एवढें विचारावें. दिवाळींत आंगणांत किल्ला करतांना तट ढांसळला तर मोठ्यांनीं धांवून तो बांधून देऊं नये. आकाशकंदील विकत आणण्याऐवजीं कामट्या, दोरा, खळ आणि पताकेचा कागद मुलांपुढें टाकावा. सांगाडा वांकडा झाला, तर कोणती कामटी लांब पडली हें त्यांचें त्यांना शोधूं द्यावें.

आणि ज्यांचीं नातवंडें परदेशांत चर्चच्या शाळेंत जात असतील, त्यांनीं फोनवर ‘किती मार्क मिळाले?’ असें विचारतांना आणखी एक प्रश्न जोडावा: ‘या आठवड्यांत काय बनविलेंस, आणि तें कोणासाठीं?’ उत्तरांत क्रूस आला म्हणून दचकूं नये, पणती आली म्हणून हुरळून जाऊं नये. तें कसें उभें राहिलें, कोठें मोडलें, आणि पुन्हां करावयाचें झालें तर काय निराळें करशील, एवढें मुलाकडून शांतपणें ऐकून घ्यावें.